चौथं पान

केळीच्या बागेत सकाळी सातला शिरलं की पाऊस नसतानाही माणूस भिजतो. सप्टेंबरचे दिवस, शिरपूरहून तापीकडे उतरणारं शिवार. रात्रभर साठलेलं दव पानाच्या मधल्या शिरेवरून ओघळत टपटप खाली पडत होतं. दहा पावलांत माझा सदरा पाठीला चिकटला. पुढे चालणारे बागमालक डोक्याला पंचा गुंडाळूनच आले होते. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही नानाच म्हणतो. ते प्रत्येक झाडाशी थांबत नव्हते. दहा-बारा झाडं सोडून एखाद्या झाडाखाली उभे राहत, मान वर करून बोटानं काही तरी मोजत आणि पुढे सरकत.

"काय मोजताय?"

"पानं. वरून चौथं."

मला चौथं पान हिरवंगार दिसत होतं. नानांनी दंडाला धरून मला त्या पानाखाली ओढलं. "खालतून देखा, वरतून नही." ऊन अजून तिरपं होतं. उजेडासमोर पानाची जणू काच झाली होती आणि त्या काचेत शिरांना समांतर, तांदळाच्या कणीएवढ्या, फिकट पिवळ्या रेघा होत्या. मोजल्या तर बारा भरल्या. "टिपका दिसना म्हंजे उशीर व्हयना," नाना म्हणाले. "रेघ दिसनी तं टाइम शे."

या रोगाला खानदेशात करपा म्हणतात. खरं तर आपण कशालाही करपा म्हणतो. कांद्यावर करपा, बटाट्यावर करपा, भातावर करपा. प्रत्येक ठिकाणी रोग करणारा जीव वेगळा, पण नाव एकच, कारण ते नाव भाकरीवरून आलेलं आहे. भाकरी करपली हे वास आल्यावर कळतं आणि तोवर ती तव्यावरून उतरवून उपयोग नसतो. पान जळल्यासारखं तपकिरी झालं की करपा. त्याच्या आधीच्या तीन आठवड्यांना आपल्याकडे नावच नाही. नाना त्या कणीएवढ्या खुणेला नुसतं 'रेघ' म्हणतात. माझ्या मते केळीवरच्या बुरशीशी चाललेली सगळी लढाई त्या बिननावाच्या तीन आठवड्यांतली आहे, आणि आपण ती बहुतेक वेळा चौथ्या आठवड्यात सुरू करतो.

पुस्तकात या रोगाचं नाव सिगाटोका. हे ना कुणा शास्त्रज्ञाचं नाव, ना बुरशीचं. ती फिजी बेटांवरची एक नदी आणि तिचं खोरं आहे. तिथले लोक त्याचा उच्चार 'सिंगातोका' असा करतात. रोगाचं पहिलं वर्णन जावा बेटावर १९०२ साली झिमरमान यांनी केलं, पण नाव चिकटलं ते १९१२च्या सुमारास या खोऱ्यात केळीच्या बागा या रोगानं बसल्या तेव्हा. गिरमिटिया म्हणून आपल्याकडची माणसं फिजीत नेली जात होती तो हाच काळ. पुढे १९३०च्या दशकात हा रोग मध्य अमेरिकेत पोचला. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण नळांतून बागाबागांत फिरवलं. फवारणाऱ्या मजुरांची अंगं निळी-हिरवी होत, म्हणून लोक त्यांना पोपट म्हणत. १९६३ मध्ये त्याच सिगाटोका खोऱ्यात याच कुळातली आणखी आक्रमक बुरशी सापडली. तो काळा सिगाटोका. १९७२ मध्ये ती होंडुरासला पोचली आणि आज कोस्टारिकासारख्या देशात वर्षाला चाळीस-पन्नास फवारण्या होतात, त्या बहुतांश तिच्यासाठीच. तिसरी बहीण २००० साली ओळखली गेली. युम्युसी नावाची ही बुरशी दक्षिण भारतातल्या बागांत चांगलीच पसरलेली आहे. पिवळा सिगाटोका पानाच्या वरच्या बाजूला फिकट रेघेनं सुरू होतो, काळा खालच्या बाजूला लालसर तपकिरी ठिपक्यानं. पण रोग वाढला की तिघींचे डाग इतके सारखे होतात की सूक्ष्मदर्शक किंवा डीएनए चाचणीशिवाय कोणती कोण ते सांगता येत नाही. शेतात आपण एवढंच म्हणायचं की सिगाटोका गटातला करपा आहे.

आता चौथं पानच का, ते.

केळीचं पान खोडाच्या मधून गुंडाळलेल्या सुरळीसारखं वर येतं. पावसाळ्यात, ऊब आणि पाणी भरपूर असताना, साधारण सात ते दहा दिवसांत एक नवं पान उलगडतं. बुरशीचे बीजाणू दोन प्रकारचे. एक पावसाच्या थेंबाबरोबर आणि दवाबरोबर वरच्या पानावरून खालच्यावर ओघळणारे, दुसरे ओल्या झालेल्या जुन्या, मेलेल्या पानातून हवेत उडणारे. दोघांना रुजायला ओलं पान लागतं. कोवळ्या पानावर, विशेषतः उलगडत असलेल्या सुरळीवर, बीजाणू पडला आणि ते पान काही तास ओलं राहिलं की तो रुजतो आणि पर्णरंध्रातून आत शिरतो. त्यानंतर तीन-चार आठवडे बाहेर काहीच दिसत नाही. तोवर वर तीन नवी पानं आलेली असतात. म्हणजे आज चौथ्या पानावर दिसणारी रेघ ही साधारण महिन्यापूर्वीच्या सुरळीवर झालेली लागण. नाना जे वाचत होते ते मागच्या महिन्याचं हवामान होतं, पानावर उमटलेलं.

रेघ वाढते, लंबगोल होते, मधला भाग राखाडी, कडा गडद, भोवती पिवळं वलय. डाग एकमेकांत मिसळतात आणि पान काठाकडून वाळत जातं. शास्त्रज्ञ याचं मोजमाप शून्य ते सहा अशा श्रेणीत करतात: दहापेक्षा कमी डाग असतील तर एक, निम्म्याहून जास्त पान गेलं तर सहा. दुसरं मोजमाप मला जास्त आवडतं. वरून मोजत जायचं आणि दहा वाळके डाग असलेलं पहिलं पान कितवं आहे ते लिहून ठेवायचं. आकडा दहा असेल तर बाग ठीक, सहा असेल तर रोग वर चढतोय. वही, पेन्सिल आणि आठवड्यातली एक सकाळ, एवढंच भांडवल लागतं. नाना लिहीत नाहीत, पण त्यांच्या डोक्यात हीच वही आहे.

या सगळ्याचा घडाशी संबंध असा. केळ निसवली, म्हणजे केळफूल बाहेर पडलं, की त्या झाडाला नवं पान येत नाही. घड भरायला पुढचे तीन-चार महिने लागतात आणि ते सगळे दिवस झाडाला आहे त्या पानांवर काढावे लागतात. निसवणीला बारा-तेरा चांगली पानं हवीत, कापणीला निदान सात-आठ. करप्यानं ती चार-पाचवर आणली तर फण्या बारीक राहतात. दुसरा तोटा व्यापाऱ्यांना जास्त सलतो. करप्याच्या झाडाचा घड वेळेआधीच आतून पिकू लागतो. कापताना हिरवा दिसतो आणि दिल्लीच्या वाटेवर गाडीतच पिवळा होतो. परदेशी माल तर आणखी नाजूक. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीहून भौगोलिक मानांकन मिळालेली बावीस टन जळगावची केळी दुबईला गेली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, आणि ते रास्तच होतं. पण समुद्रातल्या थंड कंटेनरमध्ये पोचेपर्यंत हिरवं राहणारं केळ हे आधी निसवणीला निरोगी पानं राखलेल्या झाडाचंच असावं लागतं.

खानदेशात केळी म्हटलं की रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर आठवतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मानांकन मिळालं तेही त्याच पट्ट्यामुळे. शिरपूर त्या मानानं मागच्या बाकावर. पण तापी, अनेर आणि अरुणावती या तीन नद्या ज्या तालुक्यातून जातात तिथं बागायत नसती तरच नवल. दोन हजारच्या दशकात इथं 'शिरपूर पॅटर्न' उभा राहिला. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून, बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवलं. आमदार अमरीशभाई पटेल त्यांच्या पाठीशी होते. कोरड्या विहिरी भरल्या हे महाराष्ट्रानं पाहिलं, दुरून लोक बघायला आले. पाणी आलं तशी ऊस-केळीची ओढ वाढली. त्यात शेतकऱ्याचं काय चुकलं? पण पाण्याबरोबर बागेत दमटपणाही आला. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४४४४ झाडं लावली की ऑगस्टमध्ये वरची पानं एकमेकांना भिडतात, आत वारा शिरत नाही आणि सकाळचं दव दहापर्यंत वाळत नाही. बुरशीला हेच हवं असतं. आपल्या उन्हाळ्याची झळ तिला दडपते, जूनपर्यंत करपा जवळजवळ दिसत नाही आणि म्हणूनच दरवर्षी जुलैत आपण त्याला विसरलेले असतो.

बागेतून बाहेर येताना नानांचा पुतण्या भेटला. शिरपुरातच अभियांत्रिकीला आहे. शिरपूर आता शिक्षणाचं गाव झालंय. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, शेतीशास्त्र, सगळं एका तालुक्यात. पोरगं मोबाइल घेऊनच आलं होतं. त्यानं पानाचा फोटो काढला, एका ॲपमध्ये टाकला.

"काय सांगस तुना मोबाइल?" नानांनी विचारलं.

"काका, पोटॅशची कमतरता म्हणतोय."

"पोटॅश तं मागला महिनामाच देल शे."

पोरगं ओशाळलं. मला मात्र ॲपचा राग आला नाही. पोटॅश कमी पडलं की जुन्या पानाच्या कडा पिवळ्या पडून वाळतात, आणि फोटो तिरपा असेल, सावली पडली असेल तर यंत्र काय, नवखा कृषी सहायकही फसेल. केळीच्या पानावर फसवणारे बरेच आहेत. हिवाळ्यात पारा घसरला की पानं पिवळी-तपकिरी होतात, त्याला इथं चरका म्हणतात. मावा पसरवत असलेल्या विषाणूनं पानावर पिवळे-हिरवे पट्टे येतात, तो हरण्या. त्याला औषध नाही, झाड उपटून गाडावं लागतं. करप्याला औषध आहे. म्हणजे हरण्याला करपा समजून फवारलं तर पैसे गेले आणि रोग शेजारी गेला. करप्याला चरका समजून स्वस्थ बसलं तर पुढच्या दोन महिन्यांत पानं गेली.

घरी येऊन मी या यंत्रांची गोष्ट शोधू लागलो तेव्हा एक गंमत हाती लागली. रोगट पानांचे फोटो दाखवून संगणकाला रोग ओळखायला शिकवणाऱ्या अभ्यासांत २०१६ सालचा एक निबंध फार गाजला. मोहंती, ह्यूज आणि सालाते या तिघांनी अमेरिकेतल्या आणि स्वित्झर्लंडमधल्या विद्यापीठांत मिळून तो लिहिला. त्यांच्याकडे ५४,३०६ पानांचे फोटो होते, चौदा पिकांचे. त्या चौदांत स्ट्रॉबेरी आहे. तिच्या पानावरचा बुरशीचा करपाही आहे. केळी नाही. महाबळेश्वरच्या थंडीत, २०१०चं मानांकन मिरवत पिकणारी स्ट्रॉबेरी यंत्राला ओळखता येते आणि खानदेशचं सगळं अर्थकारण ज्यावर चालतं ती केळी त्या यादीत नाही. आता सातपुड्यातही, अक्कलकुव्याच्या डाबकडे, स्ट्रॉबेरी लागू लागली आहे. तेव्हा शिरपूरच्या उत्तरेकडचा डोंगर यंत्राला कळेल, दक्षिणेकडचं तापीखोरं कळणार नाही, अशी वेळ आली तर हसावं की रडावं?

पण हा केवळ यादीचा प्रश्न नाही. त्या निबंधातल्या यंत्रानं ९९.३५ टक्के अचूकता दाखवली म्हणून तो गाजला. त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे, तो कुणी फारसा सांगत नाही. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांवर आली. कारण साधं आहे. शिकवायला वापरलेले फोटो तोडलेल्या एकेका पानाचे, साध्या कागदावर ठेवून, नीट उजेडात काढलेले होते. स्ट्रॉबेरीचं पान तळहातावर मावतं, ते कागदावर ठेवता येतं. केळीचं पान दोन मीटर लांब आणि हातभर रुंद. ते कॅमेऱ्याच्या चौकटीत मावत नाही. मोबाइलला दिसतो तो पानाचा एक तुकडा, आणि कोणता तुकडा बघायचा हे ठरवणाऱ्याला रोग आधीच निम्मा कळलेला असतो.

केळीसाठी कुणी काही केलं नाही असं नाही. 'तुमैनी' नावाचं ॲप २०१९ मध्ये आलं. स्वाहिली भाषेत तुमैनी म्हणजे आशा. त्यासाठी आफ्रिकेतून आणि दक्षिण भारतातून अठरा हजारांहून अधिक फोटो गोळा केले होते, तेही शेतातले, गवत-माती-सावल्यांसकट. हे योग्य दिशेचं काम वाटतं. फक्त तामिळनाडूतल्या बागेचं ऊन आणि खानदेशातलं ऊन वेगळं, तिथल्या जाती वेगळ्या. इथल्या बागेत ग्रँड नैन जास्त, अधूनमधून कुठं जुनी श्रीमंती. यंत्राला जे दाखवलं तेच ते शिकतं. आपली बाग त्याला अजून फारशी कुणी दाखवलेली नाही.

आणि इथं स्ट्रॉबेरीकडून आपण खरंच काही शिकू शकतो, ते फोटोबद्दल नाही. स्ट्रॉबेरीचा सगळ्यात वाईट बुरशीरोग म्हणजे राखाडी बुरशी, बोट्रायटिस. ती फुलात शिरते आणि दबा धरून बसते. फळ लाल, गोड झालं की मग राखाडी लव दिसते. म्हणजे करप्याइतकीच लबाड. फोटोनं ओळखायची म्हटलं तर पेटी भरून झालेली असते. म्हणून अमेरिकेत फ्लोरिडाच्या संशोधकांनी फळाकडे बघणं सोडून पानाच्या ओलीकडे बघितलं. शेतात पान किती तास ओलं राहतं आणि तेव्हा तापमान किती होतं, हे उपकरणानं मोजायचं, त्यावरून बुरशीला संधी मिळाली का ते ठरवायचं, आणि मिळाली तरच शेतकऱ्याला संदेश पाठवायचा. ज्यांनी हे पाळलं त्यांच्या फवारण्या जवळपास निम्म्यावर आल्या आणि पीक तेवढंच राहिलं. केळीसाठीही गुआदेलूप बेटांवर फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात हवामान आणि कोवळ्या पानावरच्या पहिल्या रेघा यांची सांगड घालून अशीच पद्धत बसवली होती. उजेडासमोर चौथं पान धरणारे नाना त्याच पद्धतीतला अर्धा भाग करतात. दुसरा अर्धा, ओलीचे तास, कुणी तरी मोजून द्यायला हवा. आपल्याकडे २००९पासून राज्याच्या क्रॉपसॅप प्रकल्पात कीडरोगांची पाहणी होते, पुढे फळपिकांत केळीही आली. केंद्रानं २०२४च्या ऑगस्टमध्ये मोबाइलवरची राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालीही आणली. पण हे सगळं डाग दिसल्यानंतरचं आहे.

औषधाबद्दल थोडंच. प्रोपिकोनाझोलसारखी आंतरप्रवाही औषधं खनिज तेलाबरोबर फवारली की चांगलं काम करतात, अर्थात वेळेवर आणि आलटूनपालटून. एकच औषध सतत मारलं तर बुरशी त्याला सरावते. १९७०च्या दशकात मध्य अमेरिकेत बेनोमिलचं तेच झालं. निर्यातीच्या बागेत अवशेषांची भीती असते, म्हणून उगीच जास्तीची फवारणी तर नकोच. आणि विम्यावर विसंबू नये. केळीच्या हवामान आधारित फळपीक विम्यात थंडी, ऊन, वारा आणि गारपीट आहे, करपा नाही.

नानांचं खरं दुखणं वेगळंच निघालं. त्यांच्या बांधाला लागून एक बाग आहे. कापणी झाली, पील म्हणजे बुंध्याशी आलेला नवा कोंब ठेवला, पण जुनी खोडं तशीच उभी, वाळकी पानं तशीच लोंबती. मालक धुळ्याला राहतो. पाऊस पडला की त्या मेलेल्या पानांतून बीजाणू उडतात, आणि वारा बांध ओळखत नाही. नानांनी आपल्या बागेत रोगट पानांचे तुकडे कापून बाहेर नेऊन गाडले, ठिबक केलं, तण काढलं, तरी रेघा आल्या. "तिना घर जाईसन सांगनं तं वाईट दिसस," असं ते म्हणाले आणि गप्प झाले. गावात पाण्याच्या पाळीसाठी भांडणारे आपण करप्यासाठी शेजाऱ्याकडे जायला लाजतो. माझं म्हणणं असं की ग्रामपंचायतीनं जूनच्या शेवटी एक दिवस ठरवून सगळ्या बागांतली वाळकी पानं काढायला लावावीत, पोळ्याला बैल धुतात तसं, सगळ्यांनी एकाच दिवशी.

निघताना पुतण्यानं नानांना विचारलं, "काका, फोटो कसा काढू म्हणजे कळेल?" नाना काही बोलले नाहीत. त्यांनी त्याला हाताला धरून पानाखाली नेलं, सूर्याकडे तोंड करून उभं केलं आणि त्याचा मोबाइल खालून वर धरला. फोटोत पहिल्यांदाच रेघा दिसल्या. पोरानं तो फोटो जपून ठेवला, तारीख आणि पानाचा क्रमांक लिहून.

शिरपूर-जळगावच्या अभियांत्रिकी आणि कृषी महाविद्यालयांतल्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे. दरवर्षी तुमचे प्रकल्प असतात, त्यातले कितीतरी इंटरनेटवरच्या त्याच तयार फोटोंवर चालतात. पुढच्या मृगबागेत, म्हणजे मृगात लावलेल्या केळीत, तो नाद सोडा आणि आपल्या शिवारात या. जुलै ते ऑक्टोबर, दर आठवड्याला, एकाच बागेत, पान न तोडता, खालून, उजेडासमोर. सकाळी आठच्या आत या. नंतर ऊन तिरपं राहत नाही. बदलायला एक सदरा बरोबर आणा.